घानाला मिशनवर जाताना: पहिलं वर्ष पाहुण्याचं

घानाची नेमणूक आली की घरी पहिला प्रश्न निघतो, ‘तिथे खायला काय मिळेल?’ आई वसईची असो की गोव्याची, ती हेच विचारते. जेवणाचं जमून जातं. तरुण फादर, ब्रदर किंवा सिस्टरची खरी कसोटी लागते ती तापाने, आणि भाषा न शिकताच कामाला लागण्याच्या घाईने. म्हणून तयारीचा जोर या दोन गोष्टींवर हवा.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्या. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं. कार्डावरचा पासपोर्ट क्रमांक आणि नावाचं स्पेलिंग तिथेच टेबलापाशी तपासून घ्या. अंड्याची ॲलर्जी असेल तर सुई टोचण्याआधी सांगा. हे कार्ड आता आयुष्यभर चालतं, पण सुट्टीवर घरी येतानाही ते हातातल्या बॅगेत लागतं. नसेल तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आईवडील विमानतळाबाहेर ताटकळतात आणि तुम्ही आत अडकता. घानाची राजधानी अक्रा इथे उतरल्यावर पासपोर्टवर किती दिवसांचा शिक्का पडला, तेही काउंटर सोडण्याआधी वाचा. व्हिसाची मुदत वेगळी आणि हे दिवस वेगळे. निवास परवान्याचे कागद पहिल्याच आठवड्यात तुमच्या धर्मसंघाच्या कार्यालयात पोचते करा.

आता मलेरिया. आपल्याकडच्या माणसाला वाटतं, हा ओळखीचाच ताप आहे. इथेच चूक होते. भारतात बऱ्याच जणांना झालेला असतो तो व्हायव्हॅक्स प्रकारचा. घानात मुख्यतः फाल्सिपॅरम असतो आणि तो दोन-चार दिवसांत जिवावर बेतू शकतो. त्याच्यावर क्लोरोक्विन चालत नाही, त्यामुळे घरून आणलेल्या त्या गोळ्यांवर विसंबू नका. सुरुवातीच्या महिन्यांसाठी डॉक्टर प्रतिबंधक गोळी देतात. डॉक्सिसायक्लिन दिली असेल तर ती जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्या. घेऊन लगेच आडवं झालात तर अन्ननलिकेत जळजळ होते. या गोळीने ऊनही चटकन लागतं, म्हणून टोपी आणि लांब बाह्या हव्यात. मेफ्लोक्विन या दुसऱ्या प्रतिबंधक गोळीने काहींना भयानक स्वप्नं पडतात, मन खचतं. पूर्वी नैराश्याचा त्रास झाला असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका.

मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. औषध लावलेली मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचा आणि अंधार पडण्याआधीच सोडा. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. ‘उद्याचा मिस्सा (चर्चमधला उपासनाविधी) झाला की जाऊ’ असं म्हणू नका. आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन हे मलेरियाचं औषध लिहून दिलं तर मोठ्या माणसाचा पूर्ण कोर्स २४ गोळ्यांचा असतो: ४ गोळ्या, दिवसातून दोनदा, ३ दिवस. पहिल्या दिवशी दुसरा डोस ८ तासांनी. गोळ्यांसोबत दूध, शेंगदाणे असं काही स्निग्ध खा, नाहीतर औषध नीट अंगी लागत नाही. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि उरलेल्या गोळ्या टेबलावर राहतात. मग ताप उलटतो.

भाषा कोणती लागेल ते निघण्याआधी विचारून घ्या. अकान लोकांच्या भागात च्वी, पूर्वेला एवे, वायव्येला दगारे. इंग्रजीत कामं होतात, पण आजारी म्हातारीच्या खाटेपाशी इंग्रजी कामाला येत नाही. किमान तीन महिने दुसरं काम अंगावर घेऊ नका. सकाळी दोन तास शिक्षकापाशी बसा आणि दुपारी बाजारात जाऊन सकाळची पाचच वाक्यं वापरा. च्वीचं स्पेलिंग फसवं आहे: ‘केवाय’ लिहितात आणि ‘च’ म्हणतात, ‘जीवाय’चा ‘ज’ होतो, ‘टीडब्ल्यू’चा ‘च्व’. वहीत देवनागरीत लिहून ठेवलंत तर हे पटकन बसतं. पण देवनागरी सूर दाखवत नाही, आणि च्वीत सूर बदलला की अर्थ बदलतो. ‘पापा’ची दोन्ही अक्षरं वरच्या सुरात म्हटली तर ‘चांगलं’, पहिलं खाली आणि दुसरं वर म्हटलं तर ‘वडील’, दोन्ही खाली म्हटली तर ‘पंखा’. म्हणून अक्षरावर वर-खाली छोटी रेघ मारायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. नंतर ती लागत नाही.

रीतभात मात्र मराठी माणसाला लवकर कळते. घरी गेलात की आधी पाणी येतं, गूळपाण्यासारखंच. ते घेतल्यावर ‘अमाने’ विचारतात, म्हणजे येणं कशासाठी केलंत. त्याआधीच कामाचं बोलू लागणं उद्धटपणाचं. जेवणाऱ्यापाशी गेलात तर तो ‘यू आर इन्व्हायटेड’ म्हणतो, म्हणजे आपलं ‘या जेवायला’. उठून जाणारा ‘आय ॲम कमिंग’ म्हणतो, ते आपलं ‘आलोच हं’. तो लगेच परत येईल असं धरून वाट पाहू नका. डावा हात कधीच पुढे करू नका, देता-घेताना नाही आणि हात हलवायलाही नाही. उजव्या हातात पिशवी असली तर ती आधी खाली ठेवा. ओळीत बसलेल्यांशी हात मिळवताना तुमच्या उजवीकडून डावीकडे जा. गावप्रमुखाकडे एकटे जाऊ नका. जाणत्या धर्मशिक्षकाला सोबत न्या, समोर पायावर पाय टाकून बसू नका, आणि बोलणं त्याच्या ओचेआमेमार्फत, म्हणजे प्रवक्त्यामार्फतच होऊ द्या.

फुफू, म्हणजे उकडलेले कंद कुटून केलेला मऊ गोळा, उजव्या हाताने खातात आणि चावत नाहीत. त्याचा सुपारीएवढा घास रश्शात बुडवून गिळायचा. मोठा घेतला तर घशाशी अडकतो. बाजारात सुकी आणि धुरावलेली मासळी भरपूर मिळते, घरून सुकट नेण्याची गरज नाही.

रविवारचा मिस्सा दोन तासांच्या वर सहज जातो. अर्पणाला लोक नाचत येतात. मिस्सा घाईने उरकू नका, आठवडाभराच्या कष्टांतून ते लोक तिथे आलेले असतात. अर्पण बऱ्याच ठिकाणी जन्मवारानुसार गोळा करतात: शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारची मुलगी आमा, आणि वारावारांत चुरस. तुमचा जन्मवार आधीच शोधून ठेवा. तो सांगितलात की लोक त्या वाराच्या नावानेच हाक मारू लागतील, आणि ‘ओब्रोनी’, म्हणजे परदेशी, ही हाक कमी होईल.

पहिल्या सहा महिन्यांत उसने पैसे देऊ नका, दयेपोटीही नाही. मागणं खरं असलं तर ते धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, समितीपुढे न्या. कोणाची गरज खरी, हे तिला माहीत असतं. एकाला गुपचूप दिले तर बाकीच्यांना तुम्ही पक्षपाती वाटता.

संघाच्या घरात पोलिश, इंडोनेशियन, घानाई सगळे एका टेबलावर असतात. दोघं भारतीय भेटले की हिंदी-मराठी सुरू होते आणि बाकीचे गप्प बसतात. जेवताना इंग्रजीच बोला.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नव्याची नवलाई ओसरते. खोलीचं दार जास्त वेळ बंद राहतं, फोन हातातून सुटत नाही, प्रत्येक वाक्य ‘आमच्याकडे’ने सुरू होतं. घरी फोन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी करा. घाना भारतापेक्षा साडेपाच तास मागे आहे, त्यामुळे रविवारी तिथले दुपारचे दोन म्हणजे वसईत संध्याकाळचे साडेसात. रोज फोन केलात तर मन घरीच राहतं. मात्र दोन आठवडे झोप आणि भूक दोन्ही गेली असतील, तर प्रार्थना कमी पडते असं मनाशी म्हणत बसू नका. वरिष्ठांना आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा, कोणती गोळी चालू आहे हेही सांगा.