भाड्यानं द्यायला फ्लॅट विकत घेताय? कोल्हापुरात या चुका टाळा

पहिला फ्लॅट घेताना मी गॅलरीतून रंकाळा दिसतो का, ते बघितलं. बघायला आलेल्या पहिल्या भाडेकरूनं विचारलं, "काका, पाणी किती वेळ येतं? गाडी कुठं लावायची?" तलावाकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. राहणार दुसराच, आणि मी घर निवडलं स्वतःच्या आवडीनं. विद्यापीठाजवळ पोरांना एक खोली नि मेस लागते, गोकुळ शिरगावच्या कामगाराला कारखाना जवळ लागतो. आधी गिऱ्हाईक ठरवा, मग घर शोधा.

दुसरी चूक पुराच्या पाण्याची, आणि आपल्याकडं हीच सगळ्यात महागात पडते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. एजंट म्हणणार, "इथं कधीच येत नाही." त्याचं ऐकून घ्या आणि खाली पार्किंगमध्ये जा. विजेचे मीटर डोक्याच्याही वर बसवलेत का? नव्या रंगाखालून खांबावर ओलीची आडवी रेघ डोकावते का? या पाणी येऊन गेल्याच्या खुणा. मग समोरच्या किराणावाल्याला विचारा, त्याला पायरी न् पायरी पाठ असते. सर्व्हे नंबर घेऊन पूररेषेचा नकाशाही तपासा.

हिशेबात तर भलेभले फसतात. समजा, 45 लाखांचा फ्लॅट, भाडं 11 हजार. वर्षाचे झाले 1 लाख 32 हजार. त्यातून मेंटेनन्सचे 18, घरफाळ्याचे 8 आणि एक महिना रिकामा गेला त्याचे 11 हजार वजा करा. उरले 95 हजार, म्हणजे जेमतेम 2 टक्के. 36 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी काढलं, तर हप्ता 31 हजारांच्या पुढं. "भाड्यातून हप्ता फिटतोय की, काय लागतंय?" म्हणणाऱ्याला एवढी बेरीज-वजाबाकी दाखवा.

कागदांचं थोडक्यात सांगतो: वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी कुणाकुणाकडं होती, बोजा आहे का, याचा तपास), बिगरशेती आदेश (शेतजमिनीवर बांधकामाची परवानगी), नव्या प्रकल्पाचा महारेरा नंबर (गृहप्रकल्पाची सरकारी नोंदणी), तयार इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र (राहायला योग्य असल्याचा दाखला). गुंठेवारीचा, म्हणजे जमिनीचे विनापरवाना तुकडे पाडून विकलेला प्लॉट स्वस्त का मिळतोय, हे वकिलालाच विचारा.

भाडेकरू ओळखीचा असला तरी करार नोंदवाच. नुसती नोटरी चालत नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरतात आणि ते खोटं ठरवायचं काम आपल्याकडं येतं. माझा एक भाडेकरू "डिपॉझिट भाड्यात वळतं करायचं ठरलंय" म्हणत शेवटचे तीन महिने फुकट राहिला. दाखवायला माझ्याकडं एक चिठ्ठीसुद्धा नव्हती.

आणि फ्लॅट रिकामा पडला, की भाव धरून बसू नका. 500 उतरवले तर वर्षाला 6 हजार जातात, महिनाभर कुलूप राहिलं तर 11.