थाई व्यक्तिनामांचे इंग्रजी स्पेलिंग कसे ठरवावे

प्रत्येक नाव प्रथम थाई लिपीत मिळवावे. त्यानंतर त्या व्यक्तीने पासपोर्टवर किंवा स्वतःच्या पुस्तकावर वापरलेले स्पेलिंग शोधावे आणि सापडल्यास जसेच्या तसे स्वीकारावे. दिग्दर्शक अपिचातपोंग वीरासेथाकुल यांच्या आडनावाच्या शेवटी ‘एल’ आहे, उच्चार मात्र ‘कुन’ असा होतो. तरीही तो ‘एल’ बदलण्याचा अधिकार संपादकाला नाही.

खरी अडचण येते ती व्यक्तीची पसंती कळत नाही तेव्हा. याच टप्प्याने मला सर्वांत जास्त छळले आहे. अशा वेळी थायलंडच्या रॉयल इन्स्टिट्यूटची १९९९ची लिप्यंतर पद्धत वापरावी. ही पद्धत लिखित अक्षरांवर नव्हे, तर उच्चारावर चालते, आणि नेमके हेच मराठी वाचकाला जड जाते, कारण थाई लिपीतली संस्कृत आणि पाली रूपे त्याला चटकन ओळखू येतात. ‘मूळ संस्कृत शब्द शोधून त्याप्रमाणे लिहा’ हा सल्ला मी अनेकांकडून ऐकला आहे. तो साफ चुकीचा आहे. दिवंगत राजे भूमिबल यांचे प्रचलित इंग्रजी स्पेलिंग संस्कृत रूपाला धरून असले, तरी थाई उच्चार ‘फूमिफोन’ असा आहे, कारण शब्दाच्या शेवटचा ‘ल’ थाईत ‘न’ होतो. राजाचे नाव हा रूढीने ठरलेला अपवाद आहे; त्याच्या आधारे इतरांच्या नावांत ‘बी-एच’ घालणे म्हणजे त्यांना त्यांचे नसलेले नाव देणे होय. उच्चार ठरल्यावर ‘पी-एच’ आणि ‘टी-एच’ बिनधास्त लिहावेत. ते आपल्या महाप्राण ‘फ’ आणि ‘थ’साठी आहेत, इंग्रजी ध्वनींसाठी नाहीत.

या पद्धतीची एक उणीव गंभीर आहे. तीत सूर आणि स्वरांची लांबी यांना चिन्ह नाही, आणि ‘ओ’ हे अक्षर दोन वेगळ्या स्वरांसाठी येते. त्यामुळे ‘वर’वरून आलेले अंत्यपद आणि ‘बल’वरून आलेले अंत्यपद, दोन्ही ‘पी-एच-ओ-एन’ असेच लिहिले जातात. परिणामी ‘सिरिफोन’ हे बहुधा स्त्रीचे असणारे नाव आणि बहुधा पुरुषाचे असणारे दुसरे नाव इंग्रजीत एकसारखे दिसते. म्हणून नोंदीत थाई लिपीतले रूप कधीही गाळू नये.

नोंद पहिल्या नावाखाली करावी. थायलंडमध्ये आडनावे १९१३च्या कायद्याने आली आणि आजही औपचारिक उल्लेख पहिल्या नावानेच होतो. इतर प्रचलित स्पेलिंगे त्याच नोंदीत जोडावीत.