दोन मादी सशांचं जमत नाहीये? या चुका टाळा

"सख्ख्या बहिणी आहेत, एकत्र वाढल्यात, मग आता एकमेकींचे केस का उपटतायत?" ससे पाळणाऱ्यांच्या तोंडून हे हमखास ऐकू येतं. उत्तर बहुतेक वेळा वयात सापडतं. मादी साधारण 4 ते 6 महिन्यांची झाली की वयात येते आणि तिला स्वतःची हक्काची जागा हवी होते. रानातही बिळातल्या चांगल्या कोपऱ्यावरून, जिथे पिल्लं घालायची त्या जागेवरून, माद्याच माद्यांशी झगडतात. तुमच्या सशाचा स्वभाव वाईट नाही, ती आपलं घर राखतेय.

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नसबंदीआधीच दोघींना एकत्र आणणं. एकीची करून भागत नाही, दोघींची करावी लागते. शिवाय नसबंदी न केलेल्या माद्यांना वय वाढल्यावर गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण बरंच असतं, त्यामुळे ही शस्त्रक्रिया फक्त मैत्रीसाठी नाही. त्यानंतर 4 ते 6 आठवडे थांबा, जखम भरू द्या, हार्मोन्स उतरू द्या. नसबंदी नसेल तर आणखी एक घोळ होतो. एक मादी दुसरीवर चढली तरी बीज सुटतं आणि ती खोटी गाभण राहू शकते. मग छातीचे केस उपटून घरटं करते आणि दोनेक आठवडे कुणाला जवळ फिरकू देत नाही. अशा वेळी भेटीगाठी बंद ठेवा.

दवाखान्यात गेलाच आहात तर दोघीही खरंच माद्या आहेत ना, हेही तपासून घ्या. लहान सशांत ही गल्लत फार होते आणि महिन्याभरात पिल्लं दिसतात.

दुसरी चूक: नवीला थेट जुनीच्या पिंजऱ्यात सोडणं. ससे हनुवटी घासून वस्तूंना आपला वास लावतात, म्हणजे तो पिंजरा जुनीच्या दृष्टीने तिच्या नावावर झालेला असतो. आधी दोन पिंजरे शेजारी ठेवा, पण मध्ये चार बोटांची फट राहू द्या, नाहीतर जाळीतून नाक चावलं जातं. एक-दोन दिवसाआड त्यांचे शी-शूचे ट्रे आणि अंथरूण एकमेकींच्या पिंजऱ्यात अदलाबदल करत राहा. समोरासमोरची भेट मात्र दोघींनीही न पाहिलेल्या खोलीत घडवा. फरशी गुळगुळीत असेल तर खाली चटई टाका, पाय घसरला की ससा घाबरतो. सुरुवातीला 10-15 मिनिटं पुरेत.

या भेटीत काय चालवून घ्यायचं आणि काय नाही, इथे लोक सर्वात जास्त चुकतात. थोडं पळवणं, पाठीवर चढणं, एखादा केसांचा पुंजका निघणं चालतं. मोठी कोण हे त्या ठरवतायत. पण शेपटी वर, कान मागे चपटे आणि दोघी एकमेकींच्या मागे गोल गोल फिरायला लागल्या की ताबडतोब वेगळ्या करा. उलटी, म्हणजे डोक्याच्या बाजूने चढली तरी लगेच बाजूला घ्या, खालचीने वरचीच्या जननेंद्रियाला चावा घेतला तर गंभीर इजा होते. उघडा हात मध्ये घालू नका, जाड टॉवेल किंवा केराची सुपली जवळ ठेवा. झटापटीनंतर केस बाजूला करून कातडी बघा. सशांच्या बारीक जखमेतही दाट पू धरतो.

घाबरवून जवळ आणायला दोघींना गाडीतून फिरवण्याचा सल्ला कुणी देईल. मला तो मुळीच पटत नाही. भीतीने चिकटणं ही मैत्री नाही, आणि ताणाने सशाचं खाणं सुटतं. अर्धा दिवस काही खाल्लं नाही तरी डॉक्टर गाठा.

शेजारी बसून खाणं, अंगाला अंग लावून पहुडणं, एकमेकींना चाटणं हे काही दिवस तुमच्या डोळ्यांदेखत दिसल्याशिवाय रात्री एकत्र सोडू नका. जागा प्रशस्त द्या, शक्यतो 3 बाय 2 मीटर. ट्रे दोन, पाण्याची भांडी दोन, आणि लपायच्या खोक्याला दोन दारं. एकाच दाराच्या खोक्यात दबणारी कोंडली जाते.

जोडी जमल्यावरही एक चूक राहतेच. एक आजारी पडली की तिला एकटीलाच दवाखान्यात नेलं जातं. परतताना अंगाला वेगळा वास येतो आणि घरातली तिला ओळखत नाही. दोघींना सोबत न्या.

महिनोन्‌महिने प्रयत्न करूनही दोघी रक्त काढत असतील तर आग्रह सोडा. जाळीच्या अलीकडे-पलीकडे, एकमेकींना दिसतील अशा दोन स्वतंत्र जागा करा आणि दोघींसाठी रोज वेगळा वेळ काढा.