खुर्चीसकट गाडीत बसायचं असेल तर आधी टेप, मग शोरूम

२०१८ साली बांधकामावरून पडून ह्यांच्या मणक्याला मार बसला. कमरेखाली हालचाल नाही. पहिली चार वर्षं आम्ही साध्या सीएनजी हॅचबॅकवर काढली. ह्यांना चाकाच्या खुर्चीतून सीटवर मी घ्यायची, पाय आत मी ठेवायची. डिकीत सिलिंडर, त्यामुळे खुर्ची टपावर दोरीने बांधायची तीही मीच. मिरजेला तपासणीला जाऊन यायचं म्हणजे चार वेळा उचलाउचल. २०२२ च्या पावसाळ्यात माझ्या कमरेतली चकती सरकली आणि दीड महिना ह्यांचं घराबाहेर पडणंच थांबलं. गाडी घेताना आम्ही बसणाऱ्याचा विचार केला होता, उचलणारीचा नाही.

म्हणून चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी गाडी कोणती घ्यावी असं कुणी विचारलं की मी आधी हेच विचारते: रोज उचलणार कोण, आणि पाच वर्षांनी त्याचं वय किती असेल?

माणसाच्या हातात जोर असेल आणि कमरेवरचं अंग सावरता येत असेल, तर सीटवर सरकून बसायची गाडी पुरते. सीट खुर्चीच्या उंचीची हवी. वरून खाली सरकणं सोपं, खालून वर चढणं अवघड, आणि येताना-जाताना दोन्ही करावं लागतं. दार जवळजवळ काटकोनात उघडलं पाहिजे. खुर्ची आणि सीटच्या मध्ये ठेवायची सरकायची फळी घेऊन शोरूमला जा आणि तिथे खरोखर बसून बघा. सीट दाराबाहेर वळते असे पर्यायही आता मिळतात. मारुतीने २०२५ च्या डिसेंबरमध्ये वॅगनआरसाठी तो आणला. पण सीट कितीही फिरली तरी खुर्ची कुठेतरी ठेवावीच लागते. तिची घडी घालून डिकीत ठेवून पाहा. सीएनजी हवं असेल तर सिलिंडर बसवलेल्याच गाडीत पाहा.

आमच्यासारखं उचलणं झेपत नसेल, तर माणूस खुर्चीसकट आत जायला हवा. त्यासाठी तीन मापं लागतात: माणूस खुर्चीत ताठ बसलेला असताना जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची, चाकं धरून खुर्चीची रुंदी, आणि पावलाच्या टोकापासून मागच्या चाकापर्यंतची लांबी. ही मापं मागच्या दाराच्या चौकटीशी ताडून बघा. आतलं छत उंच असतं, चौकट खाली असते, आणि डोकं चौकटीलाच आपटतं.

आम्ही मारुतीची ईको व्हॅन निवडली. पहिल्या चाचणीत ह्यांचं डोकं टेकलं. गॅरेजवाला म्हणाला, खुर्चीवरची गादी काढा. ते मी ऐकलं नाही, तुम्हीही ऐकू नका. ज्याला खाली संवेदना नाही त्याला गादीशिवाय तासाभराच्या प्रवासात जखम होऊ शकते, आणि ती भरायला महिने जातात. आम्ही पाच सेंटीमीटर बुटकी खुर्ची घेतली. गाडीचा तळ कापण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडलं.

रॅम्पचा हिशोब घरीच करा. इमारतीच्या रॅम्पला १:१२ चढ, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी, चांगला मानतात. गाडीचा तळ ६० सेंमी उंच धरला तर त्या चढाला सात मीटरहून लांब रॅम्प लागेल. तो ठेवणार कुठे? अडीच मीटरचा घेतला तर चढ साधारण १:४ होतो. ह्यांचं वजन ७० किलो, खुर्ची २०. तेवढ्या चढावर ढकलताना २० ते २२ किलो वजन उचलल्याइतका जोर सतत लागतो. मला तो झेपत नाही, म्हणून आम्ही विजेवर ओढणारी विंच बसवली. रस्ता उताराचा असेल तर गाडीचं तोंड उताराकडे ठेवा, रॅम्पचा चढ कमी होतो. आणि ढकलणाऱ्याने नेहमी खालच्या बाजूला उभं राहायचं, उतरवतानासुद्धा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खुर्चीचा ब्रेक म्हणजे बांधणं नव्हे. तोंड पुढे करून, पुढे दोन आणि मागे दोन असे चार पट्टे खुर्चीच्या मुख्य सांगाड्याला लावायचे. चाकाला किंवा खुर्चीच्या निघणाऱ्या हातांना कधीच नाही. माणसाचा पट्टा वेगळा. तो खुर्चीच्या हातांच्या आतून, कमरेच्या हाडांवर आला पाहिजे, पोटावर नाही. पहिल्या कारागिराने पट्ट्यांचे हुक नुसत्या पत्र्यात बसवले होते. मी गाडीखाली वाकून पाहिलं म्हणून कळलं. खाली जाड पोलादी पट्टी आणि आरपार बोल्ट हवेत.

कागदपत्रांत क्रम चुकवू नका. गाडी दिव्यांग व्यक्तीच्या नावावर घ्या, चालवणारा दुसरा असला तरी चालतं. त्यांचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, तयार ठेवा. नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये मालकीचा प्रकार ‘दिव्यांगजन’ असा भरता येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आधी आरटीओची परवानगी, मग काम, मग आरसीवर नोंद. कर्ज असेल तर बँकेला काम सुरू करण्याआधीच कळवा. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. आरसीवर नोंद असेल तर विम्याच्या हप्त्यात सवलत मागता येते, आणि मागितल्याशिवाय ती कुणी देत नाही. पथकर आणि वाहनकराच्या सवलतीचं नोंदणीआधीच विचारून घ्या. जीएसटी सवलतीच्या दाखल्यासाठी मात्र थांबून राहू नका. सवलतीचा दर १८ टक्के होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांना सगळ्यांसाठीच १८ टक्के झाला.

गाडी हातात आली की लगेच माणूस बसवू नका. आम्ही रिकाम्या खुर्चीवर गव्हाचं पोतं बांधलं आणि तीन दिवस मैदानात फिरवलं. वळणं घेतली, जोरात ब्रेक मारले. दुसऱ्या दिवशी मागचा डावा पट्टा सैल झालेला दिसला, तो बदलून घेतला. चौथ्या दिवशी हे बसले.