स्पॅनिश गाण्याचं सिंगल काढताय? या चुका टाळा

स्पॅनिशमध्ये 'आन्यो' म्हणजे वर्ष आणि 'आनो' म्हणजे गुदद्वार. लिहिताना फरक एवढाच, की पहिल्या शब्दात एन अक्षराच्या डोक्यावर छोटीशी लाट असते. टिंब गेलं की चिंतेची चिता होते, त्यातलाच प्रकार. मी पुण्यात बसून, गाणी स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्या एका कंपनीसाठी मेटाडेटा, म्हणजे शीर्षक, नावं अशी गाण्याची माहिती, तपासतो. कोलंबियाहून एक विरहगीत आलं होतं. शीर्षकात 'दोन वर्षं' हवं होतं आणि ती लाट गायब. कव्हरवर होती, फॉर्ममध्ये नव्हती. फॉर्म कुणीतरी इंग्रजी कीबोर्डवर भरला होता. माझ्याही नजरेतून सुटलं. शुक्रवारी सकाळी स्क्रीनशॉट फिरायला लागले तेव्हा कळलं.

अशा वेळी गायकाचा पहिला मेसेज ठरलेला: 'गाणं काढा, नव्याने चढवा.' तसं करू नका. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ खुणांचा कोड असतो. किती वेळा ऐकलं गेलं, कुठल्या प्लेलिस्टमध्ये बसलं, हे सगळं त्याच्याशी बांधलेलं. नव्या कोडने चढवलंत की मीटर शून्यावर. कोड तोच ठेवून फक्त शीर्षकाची दुरुस्ती पाठवायला सांगा. काही दिवस हसं होईल, पण गाणं जागेवर राहील. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं स्ट्रीमिंगवर पोचवणारी कंपनी, बदलतानाही जुना कोड सोबत न्या. रीमिक्स मात्र वेगळं रेकॉर्डिंग, त्याला वेगळा कोड.

भाषेचं दुखणं शीर्षकावर संपत नाही. 'कोहेर' या क्रियापदाने माद्रिदमध्ये लोक बस पकडतात. मेक्सिको आणि अर्जेंटिनात तोच शब्द चारचौघांत उच्चारायचा नाही. स्पेनमधल्या मित्राने लिहून दिलेली कॅप्शन तशीच मेक्सिकोच्या जाहिरातीत टाकली की खालच्या प्रतिक्रिया वाचवत नाहीत. तिथल्या एका माणसाला आधी वाचायला द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

तारखेचा घोळ

स्पॉटिफायच्या संपादकांना प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं तर ते बाहेर पडण्याआधीच. नंतर ती खिडकी बंद. किमान ७ दिवस आधी सुचवलं तर निदान तुमच्या फॉलोअर्सच्या 'रिलीज रडार' या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये तरी जातं. मी तीन-चार आठवडे सांगतो, कारण कव्हर नाकारलं जाणं, नावातली चूक, सहगायकाच्या प्रोफाइलऐवजी त्याच नावाच्या दुसऱ्याच माणसाला गाणं चिकटणं, यातलं काही ना काही होतंच.

१० जुलै २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी येतात आणि बिलबोर्ड या अमेरिकी क्रमवारीचा आठवडाही शुक्रवार ते गुरुवार मोजला जातो. पोर्तो रिकोचा गायक बॅड बनी याने ५ जानेवारी २०२५ ला, रविवारी अल्बम काढला. दुसऱ्या दिवशी तीन राजांचा सण, जो पोर्तो रिकोत घराघरांत साजरा होतो. पहिल्या आठवड्यात मोजायला पाचच दिवस मिळाले, अल्बम दुसऱ्या क्रमांकावर आला आणि पुढच्या आठवड्यात पहिल्या. त्याला हे परवडतं. आपल्याला पहिल्या आठवड्यातले दोन दिवस उधळून चालत नाही.

आणखी एक. स्ट्रीमिंगवर गाणं सहसा त्या त्या देशाच्या मध्यरात्री उघडतं, यूट्यूबचा प्रीमियर मात्र जगभर एकाच क्षणी. हिवाळ्यात माद्रिदमध्ये रात्रीचे बारा वाजतात तेव्हा बोगोटात संध्याकाळचे सहा. 'गाणं आलं' अशी पोस्ट माद्रिदच्या घड्याळाने टाकलीत, तर कोलंबियातला चाहता लिंक दाबतो, तिथे काहीच नसतं, आणि तो निघून जातो. तो परत येईल या भरवशावर राहू नका.

रीमिक्स म्हणजे जादूची कांडी नव्हे

इथे सगळे 'देस्पासितो'चा दाखला देतात. लुइस फोन्सी आणि डॅडी यांकीचं मूळ गाणं जानेवारी २०१७ चं. १७ एप्रिलला जस्टिन बीबरचं रीमिक्स आलं आणि गाणं अमेरिकेच्या हॉट १०० यादीत १६ आठवडे पहिलं राहिलं. म्हणून इंग्रजी नाव जोडा, झालं काम! पण बीबर येण्याआधीच ते बिलबोर्डच्या लॅटिन यादीत पहिलं होतं आणि हॉट १०० मध्येही शिरलं होतं. 'माकारेना'चंही तेच. मूळ गाणं १९९३ चं, बेसाइड बॉइज रीमिक्स १९९५ चं, आणि अमेरिकेत पहिला क्रमांक १९९६ मध्ये, १४ आठवडे. चूल आधीच पेटलेली होती, रीमिक्सने फुंकर घातली. मूळ गाणं आणि रीमिक्स एकाच दिवशी काढणारे ओल्या लाकडावर फुंकत बसतात.

'देस्पासितो'ची दुसरी गोष्ट फार कुणी सांगत नाही. त्याच वर्षी एमटीव्हीच्या व्हिडिओ पुरस्कारांच्या मुख्य नामांकनांत हा जगभर गाजलेला व्हिडिओ नव्हता. आरडाओरडा झाल्यावर कळलं की तो स्पर्धेसाठी पाठवलाच गेला नव्हता. तेव्हा पुरस्कारांच्या मुदती कॅलेंडरवर लिहून ठेवा.

वाटणी आणि बीट

कुणाचे किती टक्के, हे स्टुडिओतून उठण्याआधी कागदावर घ्या. गाणं चाललं की प्रत्येकाला आपणच कोरस लिहिल्याचं आठवतं. रेगेटॉन या लॅटिन नाचगाण्याच्या प्रकाराचा ठेका तर कोर्टातच आहे: जमैकाच्या स्टीली आणि क्लीव्ही यांच्या १९८९ च्या 'फिश मार्केट'मधून तो उचलला, असा खटला २०२१ मध्ये सुरू झाला आणि त्यात फोन्सीसह अनेकांची नावं आहेत.

आपल्या पातळीवरची अडचण साधी असते. नेटवरून भाड्याने घेतलेला बीट, म्हणजे तयार संगीत, तुमच्यासारखाच आणखी पन्नास जणांनी घेतलेला असतो. त्यावरचं गाणं कंटेंट आयडी या यूट्यूबच्या हक्क ओळखणाऱ्या यंत्रणेत नोंदवलंत, तर त्या पन्नास जणांच्या व्हिडिओंवर तुमचा दावा लागतो आणि भांडण तुमच्या दारात येतं. लागलाच असेल, तर दावे लगेच सोडायला सांगा आणि गाणं कंटेंट आयडीतून काढा. गाणं स्ट्रीमिंगवर राहतं, फक्त ती नोंद जाते.

ऐकणाऱ्यांचे आकडे एका रात्रीत अनोळखी शहरातून उसळले, तर आनंदाची स्टोरी टाकू नका. कुणा 'प्रमोशनवाल्या'ला पैसे दिलेत का, ते आठवा, त्याला थांबवा आणि डिस्ट्रिब्युटरला स्वतःहून कळवा. २०२४ पासून स्पॉटिफाय बनावट स्ट्रीमसाठी डिस्ट्रिब्युटरकडून दंड घेतं आणि तो फिरून तुमच्याच खात्यात वजा होऊ शकतो.

प्रेस नोट लिहिताना 'प्लॅटिनम' हा खपाच्या किताबाचा शब्द जपून वापरा. अमेरिकेत लॅटिन प्लॅटिनम ६०,००० युनिटला (विक्री आणि स्ट्रीम मिळून) मिळतं, साधं प्लॅटिनम १० लाखांना. 'लॅटिन' हा शब्द गाळला, तर तो नेमका कुठे गळला हे पत्रकार बरोबर शोधून काढतात.