चांगदेव ते दांडी : कयाक पाण्यात उतरवण्याआधी

जळगाव जिल्ह्यातल्या चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर कयाक, म्हणजे दुपाती वल्ह्यानं चालवायची अरुंद बोट, उतरवायची, तापीनं सुरतेखाली डुमसला समुद्र गाठायचा आणि किनाऱ्यालगत दांडीपर्यंत जायचं, असा बेत असेल तर तयारीला समुद्राच्या टोकाकडून लागा. सगळ्यात आधी पंचांग उघडा. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी भरती-ओहोटीचा फरक कोकणापेक्षा पुष्कळ मोठा असतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तो आणखी वाढतो. म्हणून डुमसला अष्टमी-नवमीच्या आसपास, भांगाच्या, म्हणजे सगळ्यात कमी चढउताराच्या भरतीला पोचायचं आणि तिथून एकेक मुक्काम मागे मोजत चांगदेवची तारीख काढायची. तापी ७२४ किलोमीटरची, त्यातली २२८ महाराष्ट्रात आणि २१४ गुजरातेत. दिवसाला वीस किलोमीटर धरा आणि वर पाच दिवस राखून ठेवा. मार्गशीर्ष-पौष हा काळ चांगला. बॅरेजमध्ये पाणी अडवलेलं असतं आणि ऊन सोसवतं. वाटेत सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा सापडली तर घोडेबाजार जरूर बघा, पण मुक्काम गावाबाहेर करा, नाहीतर झोप मिळायची नाही.

आता बोट. पाणवनस्पतीत आखूड, हलकी, तळाशी काहीही न लोंबणारी कयाक हवी. समुद्राला लांब, निमुळती, रडर म्हणजे मागे सुकाणू असलेली हवी. दोन बोटी नेता येत नाहीत, म्हणून लांब बोटच घ्या, पण दोरी ओढून रडर पूर्ण वर उचलता येतं का, हे दुकानातच करून बघा. जलपर्णीत रडर खाली राहिलं की ती मुळांची जुडी बोटीला नांगरासारखी धरून ठेवते. पॅडलचं पातं अरुंद असलेलं बरं, रुंद पातं दर वल्ह्याला बादलीभर झाडपाला उचलतं.

जलपर्णीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडचे लोक तिला हलक्यात घेतात. ती तरंगते, म्हणजे वारा तिला हलवतो. हतनूर धरणाच्या फुगवट्यात सराव करताना मी सकाळी एका मोकळ्या पट्ट्यातून आत गेलो आणि परत फिरलो तोवर वारा पालटून पट्टा बंद झाला होता. तीनशे मीटरला दोन तास लागले. तेव्हापासून नियम केला : आत शिरण्याआधी काठावरच्या उंच जागेवरून पलीकडचं मोकळं पाणी दिसलं पाहिजे, आणि वारा कुठून कुठे जातोय हे बघितलं पाहिजे. अडकलात तर खाली उतरू नका. पाय मुळांत गुंततात आणि तळाच्या गाळात रुततात. पॅडल आडवं टाकून झाडं खाली दाबा, बोट पुढे सरकवा, पुन्हा दाबा. अशा पट्ट्यात स्प्रे स्कर्ट (कमरेभोवती बांधून बोटीचं तोंड झाकणारं कापड) काढून ठेवा, छोटा सुरा लाइफ जॅकेटला बांधून ठेवा आणि ताशी एक किलोमीटरसुद्धा धरू नका. सुरतेत सिंगणपोरच्या बंधाऱ्यावर हीच झुंज पुन्हा आहे, आणि तेव्हा अंगात थकवा असेल.

एक काम कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. दर बंधाऱ्यावर बोट उलटी करून पुसा. रडरच्या खाचेतला, दोरीतला एकूण एक तुकडा काठावर उन्हात टाका. जलपर्णीच्या एका तुकड्यातून नवा मळा उभा राहतो. स्वच्छ डोहात ती आपल्या बोटीनं नेली, असं होता कामा नये.

हतनूर, शेळगाव, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, मग उकाई आणि काकरापार. इतक्या ठिकाणी बोट खांद्यावर किंवा दोन चाकांच्या ट्रॉलीवर न्यायची आहे. ट्रॉलीची चाकं रुंद घ्या, काळ्या मातीत अरुंद चाक बसतं. जलसंपदा विभागाला आणि वाटेतल्या पोलीस ठाण्यांना आधी पत्र द्या. काकरापारला अणुवीज केंद्र आहे, तिथे परवानगीशिवाय पाण्यात थांबू नका आणि कॅमेरा बाहेर काढू नका. धरणाखाली वाळूत तंबू टाकू नका, वरून पाणी कधी सुटेल याचा नेम नाही. उकाईचा जलाशय शंभर किलोमीटरहून लांब आहे. तिथे दुपारी वाऱ्यानं लाटा उठतात, म्हणून पहाटे निघून अकराच्या आत काठ धरायचा.

खाण्याला दशम्या, ठेचा, शेंगदाण्याचे लाडू, केळी. प्यायचं पाणी माणशी पाच लिटर, आणि ते गावातूनच भरा.

समुद्राचा हिशेब वेगळा. ओहोटी दक्षिणेला, म्हणजे दांडीकडे नेते, पण उतरायला भरती लागते. ओहोटीत पाणी दूर सरतं आणि मध्ये कमरेएवढा चिखल उघडा पडतो. म्हणून भरतीच्या अगदी शेवटाला निघा, ओहोटीचा पहिला ओढा घ्या, आणि किनारा चिखलाचा दिसला तर बाहेरच छोटा नांगर टाकून पुढची भरती येईपर्यंत थांबा. त्यासाठी सहा तासांचं जादा पाणी, टोपी आणि गरम कपडा हाताशी ठेवा. तिथीवरून भरतीची वेळ काढायचा मुंबईचा हिशेब तिकडे चालत नाही, मगदल्ला बंदराचं वेळापत्रक घ्या. मगदल्ला-हजिऱ्याला मोठी जहाजं येतात, त्यांची वाट सोडा. मिंढोळा नदीच्या मुखाशी पाणी आडवं ओढतं. डुमसच्या मच्छीमारांना आदल्या संध्याकाळी भेटा. आपल्या अहिराणीला त्यांची गुजराती जवळची आहे, बोलणं अडत नाही. ते 'उद्या नको' म्हणाले तर जाऊ नका.

उलटून पुन्हा बोटीत चढण्याचा सराव जोडीदाराबरोबर निदान वीस वेळा झालेला हवा, तोही भरलेल्या बोटीनं. कुठल्या परिस्थितीत मोहीम थांबवायची, हे निघण्याआधी कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. त्याची एक प्रत, मुक्कामांची यादी आणि रोज किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, हे घरी आईजवळ किंवा भावाजवळ ठेवा.