लाउटरब्रुनेनला जाताय? महिना ठरवा, मग उंची ठरवा

स्वित्झर्लंडला कधी जावं असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, राहणार किती उंचीवर? कारण लाउटरब्रुनेनच्या दरीत गाव आहे साधारण ८०० मीटरवर, आणि वरच्या गावांपैकी वेंगेन १,२७४ वर आणि म्युरेन १,६३८ वर, म्हणजे खाली छत्री उघडायची वेळ येते तेव्हा वर बर्फ पडत असतो. सगळा खेळ इथेच आहे.

पोचायचं सोपं आहे, इंटरलाकेन ओस्ट स्टेशनवरून ट्रेनने २० मिनिटं, पण ही ट्रेन वाटेत त्स्वायल्युत्शिनेनला तुटते, अर्धे डबे लाउटरब्रुनेनला आणि अर्धे ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचूनच चढा. आम्ही गप्पांच्या नादात वाचली नाही आणि चार बॅगा घेऊन थेट ग्रिंडेलवाल्डला उतरलो. गाव सुंदर आहे हो, पण हॉटेल दुसऱ्या दरीत होतं!

डिसेंबर ते मार्च वरच राहा. खाली दोन्ही बाजूंना उभे कडे असल्यामुळे थंडीत ऊन जेमतेम येतं, वेंगेन-म्युरेन मात्र उन्हात. दोन्ही गावांत गाड्या नेता येत नाहीत, त्यामुळे कार खालच्या पार्किंगमध्ये ठेवून वेंगेनला दातेरी रुळांच्या रेल्वेने, आणि म्युरेनला केबल कारने ग्रुत्शाल्पपर्यंत जाऊन पुढे छोट्या ट्रेनने. स्की येत नसेल तरी बिघडत नाही, स्लेज भाड्याने मिळते, आणि गुलाबी पाट्या लावलेल्या हिवाळी पायवाटा असतात त्यावर नुसतं चालायलाही मजा येते. फक्त जानेवारीत वेंगेनला लाउबरहॉर्नची स्की रेस असते, तेव्हा रूम मिळणं कठीण आणि मिळाली तर खिसा रिकामा.

ईस्टर संपल्यावर काही आठवडे आणि नोव्हेंबर, या दोन वेळा जपून. केबल कार मेंटेनन्ससाठी आलटून पालटून बंद असतात, वरची बरीच हॉटेलंही. नोव्हेंबर तर मी सरळ टाळीन. मे महिन्याचं मात्र वेगळं आहे, वरच्या वाटांवर बर्फ असतो पण तो वितळत असल्यामुळे धबधबे तुडुंब असतात, म्हणून तेव्हा खाली गावातच राहा. स्टाउबबाख २९७ मीटरवरून पडतो, नावाचा अर्थ धुळीचा ओढा, आणि वारा आला की खरंच पाण्याची धूळ होऊन बाजूला उडतो. ट्रुमेलबाख डोंगराच्या पोटात आहे, आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ या शिखरांवरच्या हिमनद्यांचं पाणी तिथून घोंघावत येतं, आत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. रेनकोट लागतोच. हिवाळ्यात ट्रुमेलबाख बंद असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये मेनलिखेन ते क्लाइने शायडेग ही वरची पायवाट चाला, दीड तास, बहुतेक हलका उतार आणि समोर आयगर. सकाळीच निघा, दुपारी गडगडाट सुरू होऊ शकतो.

युंगफ्राऊयोखचं (ट्रेन जाते ती ३,४५४ मीटरवरची खिंड) तिकीट आधीपासून काढून ठेवू नका. उठल्यावर वेबकॅम बघा, स्वच्छ दिसलं तरच काढा, ढगात गेलात तर पांढऱ्या भिंतीचे पैसे दिल्यासारखं होतं. आणि स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांचा ट्रेन-बसचा पास) आहे म्हणजे वरपर्यंत फुकट असं समजू नका, पास वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंत चालतो, पुढे नुसती सवलत. वर हळू चाला, पोरं पळायला लागली की डोकं धरून बसतात. जुलैतही जाड जॅकेट हवंच.

माझी आवडती वेळ सप्टेंबर. गर्दी ओसरते, वरच्या कुरणांवरच्या गाई गळ्यात मोठ्या घंटा आणि डोक्यावर फुलं घालून खाली येतात, एखादा कळप रस्त्यात भेटला तर कडेला थांबायचं आणि बघायचं.

हां, आणि रविवारी दुकानं बहुतेक बंद असतात. दूध, ब्रेड, अंडी शनिवारी संध्याकाळीच आणून ठेवा.